भिंतीआड चिणलेला माणूस
(शेवगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सेलम नावाचे जुने बंदर आहे. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी, ऐन कडाक्याच्या थंडीत, तिथल्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. समुद्रापलीकडे धर्मप्रसारासाठी निघालेली अमेरिकेची ही पहिली तुकडी. तिच्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईला उतरले. हॉल पुढे १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेले, पण मिशन टिकले आणि १८३१ साली ते अहमदनगरला आले. सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा, ती पाहून प्रभावित झालेले जोतीराव फुले, नगरहून निघालेला ‘ज्ञानोदय’, पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई हा सगळा इतिहास नगर जिल्ह्याला ठाऊक आहे.

त्या फेब्रुवारीत सेलममध्ये सात वर्षांचा, बापाविना वाढणारा एक मुलगा राहत होता. त्याचे वडील जहाजाचे कप्तान होते आणि १८०८ साली दूर सुरिनाममध्ये पिवळ्या तापाने वारले होते. तरुणपणी ते ‘अमेरिका’ नावाच्या जहाजावर अधिकारी असताना त्या जहाजाने बंगालमधून एक हत्ती न्यूयॉर्कला नेला होता. १७९६ साली अमेरिकेच्या भूमीवर उतरलेला तो पहिला हत्ती. जहाजाच्या रोजनाम्यात त्याची नोंद याच अधिकाऱ्याच्या हातची आहे. त्यांच्या या मुलाचे नाव नॅथॅनियल हॉथॉर्न. मोठेपणी त्याने अशा कथा लिहिल्या की माणसाच्या मनातला अंधार हा अमेरिकन साहित्याचा कायमचा विषय होऊन बसला.

म्हणजे एकाच गावातून दोन वाटा निघाल्या. एक नगरपर्यंत आली. दुसरी, कथेची वाट, मराठीत यायला शंभराहून अधिक वर्षे गेली. आजच्या व्याख्यानाचा विषय ही दुसरी वाट आहे: अमेरिकेच्या आरंभीच्या लघुकथेतली अद्भुतरम्यता, तिच्यातले भय आणि त्या भयाचे आपल्या मराठी कथेशी असलेले नाते.

या दोन वाटा किती जवळून गेल्या हे एका वर्षावरून दिसते. जून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’चा पहिला अंक नगरला निघाला. त्याच्या आदल्या महिन्यात, मे १८४२ मध्ये, ‘ग्रॅहम्स मॅगझिन’च्या अंकात एडगर ॲलन पो याने हॉथॉर्नच्या कथासंग्रहावर लेख लिहिला आणि लघुकथा म्हणजे काय याची आधुनिक काळातली पहिली ठाम मांडणी केली. कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे प्रत्येक वाक्य वाचकाच्या मनावर एकच परिणाम साधण्यासाठी राबावे, हे त्याचे म्हणणे. त्याच अंकात त्याची महामारीवरची कथाही होती. प्रजा तांबड्या मरणाने मरत असताना एक राजा हजार सरदारांना घेऊन मठात दारांचे अडसर वितळवून स्वतःला बंद करून घेतो, नाचगाणी चालवतो, आणि मध्यरात्री मरण पाहुणा म्हणून आत आलेले असते. पटकीच्या साथी नगरनेही पाहिल्या होत्या आणि बाल्टिमोरनेही. नगरच्या मिशनचे काम धर्माचे आणि शिक्षणाचे होते, त्यामुळे ही कथा त्या वाटेने इकडे आली नाही.

अमेरिकेत लघुकथाच का फोफावली, याचे एक कारण अगदी रोकडे आहे. इंग्लंडच्या लेखकांना अमेरिकेत स्वामित्वहक्काचे संरक्षण १८९१ पर्यंत नव्हते. स्कॉट किंवा डिकन्स यांची कादंबरी बोटीतून उतरली की अमेरिकन प्रकाशक ती छापून मोकळे होत, लेखकाला एक पैसाही न देता. फुकटची डिकन्सची कादंबरी हाताशी असताना देशी लेखकाला पैसे मोजून कोण छापणार? मग देशी लेखकाला जागा उरली ती मासिकांत आणि नाताळात भेट देण्यासाठी निघणाऱ्या सजवलेल्या वार्षिकांत. हॉथॉर्नच्या कितीतरी कथा ‘द टोकन’ नावाच्या अशाच वार्षिकात, त्याही निनावी, छापून आल्या. १८३७ साली त्यांचा संग्रह निघाला तेव्हा कुठे लोकांना लेखकाचे नाव कळले. मराठी माणसाला हे समजायला वेळ लागू नये. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा घातली, तेव्हापासून आपली कथाही अशाच वार्षिक अंकांच्या आधाराने वाढली आहे.

आता भयाकडे वळू. युरोपात भयकथेचा जन्म किल्ल्यात झाला. होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ १७६४ ची. तिच्यात भुयारे, गुप्त दरवाजे, पूर्वजांची चित्रे, जुलमी सरदार आणि पळणारी अबला नायिका असे सगळे आहे. पुढची पन्नास वर्षे इंग्लंडमध्ये हेच सामान परत परत वापरले गेले. अमेरिकन लेखकापुढची अडचण अशी की त्याच्या देशात किल्लाच नव्हता. सरदार नव्हते, पडके मठ नव्हते. चार्ल्स ब्रॉकडेन ब्राऊन या फिलाडेल्फियाच्या कादंबरीकाराने १७९९ मध्येच सांगून टाकले होते की जुन्या समजुती आणि किल्ले सोडून आपण आपले रान आणि सरहद्दीवरचे संघर्ष घ्यावेत. तरी ही खंत लवकर गेली नाही. १८६० साली खुद्द हॉथॉर्नने एका प्रस्तावनेत तक्रार केली की ज्या देशात सावली नाही, प्राचीनता नाही, गूढ अन्याय नाही, तिथे अद्भुत कथा लिहिणे फार अवघड आहे.

हे वाक्य लिहिताना त्याच्या देशात चाळीस लाखांच्या आसपास माणसे गुलामीत होती आणि पुढच्याच वर्षी यादवी युद्ध सुरू झाले. अन्यायाची वाण त्या देशाला कधीच नव्हती. इतक्या तीक्ष्ण नजरेच्या लेखकाला घराजवळचा एवढा मोठा काळोख दिसू नये, ही त्याच्या वाङ्मयातली खरी उणीव आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. टोनी मॉरिसन यांनी १९९२ मधल्या आपल्या छोट्या पण जबरदस्त पुस्तकात हेच दाखवले. आरंभीच्या अमेरिकन कथेत जी सावली सतत फिरते, ती बऱ्याचदा काळ्या माणसाची आहे, त्याचे नाव न घेता पडलेली.

कथेचा आरंभ मानायचा तर वॉशिंग्टन आयर्व्हिंगपासून. त्याच्या ‘स्केच बुक’चे भाग १८१९ पासून निघू लागले आणि पहिल्याच भागात ‘रिप व्हॅन विंकल’ होती. बायकोच्या कटकटीला कंटाळून बंदूक घेऊन डोंगरात गेलेला एक आळशी, मनमिळाऊ गडी. तिथे जुन्या पेहरावातले अबोल लोक लाकडी सोंगट्यांवर चेंडू टाकून खेळत असतात. त्यांचे मद्य पिऊन हा झोपतो आणि उठतो तो वीस वर्षांनी. गावात येऊन पाहतो तर खाणावळीच्या पाटीवर राजा जॉर्जच्या जागी जनरल वॉशिंग्टन आहे. मधल्या काळात एक क्रांती होऊन गेली, देश स्वतंत्र झाला, आणि याला पत्ता नाही. मूळ गोष्ट जर्मन लोककथेतली आहे. आयर्व्हिंगने ती लिहिली इंग्लंडमध्ये, बहिणीच्या घरी बसून. कॅट्सकिलच्या डोंगरात तोवर त्याने पाऊलही टाकले नव्हते. तरीही ती अस्सल अमेरिकन झाली, कारण तिच्यातली झोप त्या देशाच्या इतिहासावर नेमकी बसली.

आणि १८१९ हे साल शेवगावच्या श्रोत्याने वेगळ्याच कारणासाठी लक्षात ठेवावे. शके १७४१ मध्ये, म्हणजे त्याच वर्षी, धुंडीसुत मालूने ‘नवनाथ भक्तिसार’ हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ पुरा केला. पलीकडच्या पाथर्डी तालुक्यात कानिफनाथांची मढी आहे. रंगपंचमीच्या यात्रेला या भागातून लोटणारी माणसे कुणाला सांगायला नकोत. या पट्ट्यात श्रावण लागला की घरोघरी नवनाथांचे पारायण बसते. त्या ग्रंथात वेताळ आहे, भुतावळ आहे, उकिरड्यावर टाकलेल्या भस्मातून बारा वर्षांनी उठणारा गोरक्ष आहे, स्त्रीराज्यात स्वतःला विसरून बसलेला मच्छिंद्र आहे. अद्भुताच्या बाबतीत आयर्व्हिंगचे पुस्तक त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

मग फरक कशात? मालू गोष्ट सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याने शंका घ्यायची नसते. अध्यायागणिक फळ सांगितलेले असते: हा वाचला तर ही बाधा जाईल, ती पीडा टळेल. आयर्व्हिंग नेमके उलट करतो. गोष्ट एका मेलेल्या इतिहासकाराच्या कागदांत सापडल्याचे सांगतो, शेवटी तिच्या खरेपणाची साक्ष देणारी टीप जोडतो, आणि ती टीपच इतकी आग्रही असते की वाचकाच्या मनात शंका उभी राहते. ‘स्लीपी हॉलो’च्या कथेतला मुंडके नसलेला घोडेस्वार भूत आहे की शाळामास्तरला पळवून लावणारा गावचा दांडगट तरुण, हे लेखक स्पष्ट करत नाही. वाचक श्रद्धेच्या आणि अविश्वासाच्या मधल्या बांधावर उभा राहतो. त्स्वेतान तोदोरोव्ह या अभ्यासकाने १९७० साली अद्भुत साहित्याचे मर्म याच घुटमळण्यात आहे असे मांडले. आधुनिक भयकथा उभी आहे ती या बांधावर.

हॉथॉर्नने तो बांध थेट माणसाच्या छातीत नेला. त्याच्याकडे कारणही होते. १६९२ साली सेलममध्ये चेटकिणींचे खटले झाले, एकोणीस जणांना फाशी दिली, आणि जाइल्स कोरी या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारले. त्या खटल्यांतला एक न्यायाधीश जॉन हॅथॉर्न हा या लेखकाचा खापरपणजोबा. इतर काहींनी पुढे पश्चात्ताप केला, त्याने केल्याची नोंद नाही. लेखकाने आपल्या आडनावात एक अक्षर वाढवून घेतले; पूर्वजापासून अंतर राखण्यासाठी, असे बरेच जण मानतात.

‘यंग गुडमन ब्राऊन’ ही त्याची १८३५ ची कथा. नुकतेच लग्न झालेला ब्राऊन संध्याकाळी बायकोचा निरोप घेऊन रानात निघतो. बायकोचे नाव फेथ, टोपीला गुलाबी फिती. वाटेत एक प्रौढ गृहस्थ भेटतो, हातात सापासारखी काठी. तो सांगतो, तुझ्या आजोबाला मी ओळखतो, क्वेकर बाईला फटके मारताना मी त्याच्या बरोबर होतो. पुढे रानात पेटलेली झाडे दिसतात. तिथे गावातला धर्मगुरू आहे, ब्राऊनला प्रश्नोत्तरे शिकवणारी सज्जन म्हातारी आहे, प्रतिष्ठित माणसे आहेत आणि बदनाम माणसेही त्यांच्या शेजारीच आहेत. सगळे सैतानाच्या सभेला जमलेले. आणि फेथही. ब्राऊन ओरडतो, आणि रान रिकामे. सकाळी तो गावात परततो, तर सगळे नेहमीसारखे. लेखक विचारतो, हे स्वप्न होते का? उत्तर देत नाही. पण त्या रात्रीनंतर ब्राऊन कुणावर विश्वास ठेवू शकत नाही, आणि मरेपर्यंत हसत नाही.

या कथेतल्या म्हातारीला दिलेले नाव आणि सभेतल्या एका बाईचे नाव १६९२ च्या खटल्यातल्या खऱ्या आरोपी स्त्रियांवरून घेतलेले आहे. ज्यांच्यावर लेखकाच्या पूर्वजासारख्यांनी चेटकीण असल्याचा ठपका ठेवला, त्यांची नावे घेऊन तो विचारतो की रानात कोण होते हे पाहिले कुणी? पाहणाऱ्याच्या नजरेतच विष असेल तर? जादूटोण्याच्या संशयावरून बाईला मारहाण झाल्याच्या बातम्या आपल्याकडे आजही येतात, आणि त्याविरुद्ध कायदा करायला महाराष्ट्राला २०१३ उजाडावे लागले, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. हॉथॉर्नची कथा त्या बातम्यांशेजारी ठेवून वाचावी. गावाने बाईवर घेतलेला संशय गावाचेच आयुष्य कसे नासवतो, हे एवढ्या थोड्या पानांत दुसऱ्या कुणी क्वचितच दाखवले असेल.

पोकडे आलो की कथेतून गाव निघून जाते. उरते एक घर, त्याहून आत एक तळघर, आणि त्यात एक माणूस.

पोचा जन्म १८०९ चा, बॉस्टनचा. तीन वर्षांचा होण्याआधीच आई गेली. १८४७ मध्ये बायको व्हर्जिनिया क्षयाने गेली, आणि १८४९ च्या ऑक्टोबरात तो स्वतः बाल्टिमोरमध्ये चाळिशीतच संपला. आपल्या भयाचे मूळ जर्मनीत नसून माणसाच्या आत्म्यात आहे, असे त्याने १८४० च्या संग्रहाच्या प्रस्तावनेत बजावले होते. त्याला पुन्हा पुन्हा छळणारी कल्पना एकच: जिवंतपणी गाडले जाणे. ‘द फॉल ऑफ द हाऊस ऑफ अशर’ (१८३९) मध्ये बहीण मेली असे समजून भाऊ तिला तळघरात ठेवतो. ती शवपेटीत हलते आहे हे त्याला ऐकू येते, आणि तरी तो कुणाला सांगत नाही. १८४६ च्या ‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’मध्ये अपमानाचा सूड म्हणून एक सरदार मित्राला दारूच्या तळघरात नेतो, साखळीने जखडतो आणि थरावर थर रचत भिंत बांधतो. पन्नास वर्षांनंतर तो हे सांगतो आहे. आवाज थंड आहे. त्याला पश्चात्ताप झाला की नाही हे आपल्याला कळत नाही, आणि इतक्या वर्षांनी तो हे कुणाला आणि का सांगतो आहे, हा प्रश्न कथा संपल्यावर वाचकाचा पिच्छा पुरवतो.

आता ‘नवनाथ भक्तिसार’ आठवावे. राजा गोपीचंदाची आई मैनावती जालिंदरनाथांची शिष्या होते. राणी राजाचे कान भरते. संशयाने पेटलेला राजा नाथांना खड्ड्यात पुरतो आणि वर घोड्यांची लीद टाकतो. नाथ समाधीत असतात. वर्षे जातात. शेवटी कानिफनाथ येतात, युक्ती करतात, गोपीचंदाच्या धातूंच्या प्रतिमा खड्ड्याशी उभ्या करतात. गुरूचा क्रोध त्या प्रतिमांवर पडून त्या जळतात, राजा वाचतो आणि शेवटी त्याच गुरूचा शिष्य होतो. जिवंत गाडण्याचा तोच प्रसंग. पण मालूच्या जगात गाडलेला माणूस वर येणारच असतो. अपराध्यालाही शिष्यत्व मिळते. पोच्या त्या दारूच्या तळघरात भिंत पुरी होते आणि ती कुणीही फोडत नाही.

हा फरक सांगायला सोपा आणि अनुभवायला भयंकर आहे. पारायण ऐकून माणूस निर्धास्त झोपतो. पो वाचून झोपताना तो कोठीचे दार बघतो, आणि त्याहून वाईट म्हणजे स्वतःकडे बघतो. एका परंपरेला दुसरीपेक्षा श्रेष्ठ ठरवण्याची गरज नाही. पण लघुकथा या प्रकाराला जी धार आली, ती सद्गुरू येणार नाही हे मान्य केल्यामुळे आली, असे या व्याख्यानाचे स्पष्ट म्हणणे आहे.

एका गोष्टीवर मात्र या लेखकांना जाब विचारायला हवा. त्यांच्या कथांत मरतात त्या बहुधा बायका. हॉथॉर्नच्या ‘द बर्थमार्क’मध्ये शास्त्रज्ञ नवरा गालावरचा डाग काढण्याच्या हट्टापायी बायकोचा जीव घेतो, ‘रापाचिनीज डॉटर’मध्ये बापाच्या प्रयोगाने विषारी झालेली मुलगी उतारा पिऊन मरते. पोची लिजिया, पोची मॅडेलिन अशर यांचेही तेच. हॉथॉर्न निदान मारणाऱ्या पुरुषाला दोषी धरतो. पोला बाईच्या मरणातच सौंदर्य दिसते. पण मॅडेलिन परत येते, रक्ताळलेल्या वस्त्रांनिशी भावाच्या दारात उभी राहते. इथे मराठी वाचकाला आपली हडळ आणि जखीण आठवेल. बाळंतपणात गेलेली, विहिरीत ढकललेली, मन मारून मेलेली बाई परत येते ही समजूत गावोगाव आहे, आणि त्या समजुतीत गावाने स्वतःच्या अपराधाची नोंद ठेवली आहे. जिवंतपणी जिचे कुणी ऐकले नाही, तिचे मेल्यावर तरी ऐकावे लागेल, एवढी धास्ती त्या समजुतीला पुरते.

मराठीत हे सगळे कसे आले? सुरुवात अद्भुतरम्यतेनेच झाली. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. ताटातूट, संकटे, कपटी माणसे, योगायोगाने सुटका. त्यावर संस्कृत आख्यायिकांचा आणि अरबी गोष्टींचा रंग होता. नंतर १८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ निघाले आणि त्यांच्या स्फुट गोष्टींनी कथेला मध्यमवर्गाच्या माजघरात आणले. केशवपन, बालविवाह, हुंडा हे प्रश्न इतके जळते होते की भुतांकडे बघायला फुरसत नव्हती. अमेरिकेत लघुकथा भयातून वास्तवाकडे गेली. आपली लघुकथा वास्तवातच जन्मली आणि भयाला तिने बराच काळ रहस्यकथांच्या पुस्तकांत, वाचनालयाच्या वेगळ्या कपाटात ठेवले.

नारायण धारपांनी (१९२५–२००८) ते कपाट भरून टाकले. एका पिढीने त्यांची पुस्तके फिरत्या वाचनालयातून रात्री जागून वाचली. त्यांच्या ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची कादंबरी आहे आणि २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटाने त्यांच्या कथेचे ऋण घेतले आहे. पण त्यांची समर्थांची कथामाला नीट वाचली तर तिचे कूळ पोचे वाटत नाही. तिथे अमंगळ शक्ती येते, माणूस हतबल होतो आणि समर्थ येऊन तिला बांधतात. हे नवनाथांचेच कूळ आहे. मराठी वाचकाचे धारपांवर जे निस्सीम प्रेम आहे त्याचे एक कारण हेच असावे. रत्नाकर मतकरींनी (१९३८–२०२०) दुसरी बाजू घेतली. ‘खेकडा’पासूनच्या त्यांच्या गूढकथांत भूत असो वा नसो, विकृती माणसाचीच असते, आणि सोडवायला कुणी येत नाही.

परंतु पोच्या भिंतीला खरे मराठी उत्तर दिले जी. ए. कुलकर्णींनी. अमेरिकन साहित्य त्यांनी जवळून वाचले होते. कॉनरॅड रिक्टरच्या सरहद्दीवरच्या कादंबऱ्या ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ या नावांनी मराठीत आणल्या होत्या. त्यांची ‘स्वामी’ ही कथा ‘पिंगळावेळ’ (१९७७) या संग्रहात आहे. बस चुकलेला एक सामान्य माणूस. त्याला एक जण आग्रहाने मठात नेतो. आदर, स्वच्छ खोली, चांगले जेवण. आणि मग कळते की दार आता उघडणार नाही. तो या मठाचा पुढचा स्वामी आहे, आणि जमिनीखालच्या त्या खोलीतच त्याने राहायचे आणि मरायचे आहे. त्याला कैदेत टाकणाऱ्याच्या मनात सूड नाही, अगदी निर्मळ श्रद्धा आहे.

इथे जीएंनी काय केले ते बघण्यासारखे आहे. त्यांनी किल्ला आणला नाही, इटालियन सरदार आणला नाही. मठ आणला, जो आपल्या प्रत्येक तालुक्यात आहे. समाधी आणली, जिच्यापुढे आपण हात जोडतो. जालिंदरनाथांच्या खड्ड्यातले पावित्र्य आणि पोच्या तळघरातली कोंडी या दोन्ही गोष्टी त्या एका खोलीत एकत्र राहतात. आणि मग, मरणाच्या तोंडाशी, तो माणूस हवेच्या झरोक्यातून एका वेलाला वर, उजेडाकडे जायला वाट करून देतो. पोच्या कोणत्याही कथेत हा वेल सापडणार नाही. मराठीत भयाला इतक्या उंचीवर नेणारी दुसरी कथा दाखवणे कठीण आहे.

मग शेवगावकरांनी हॉथॉर्न आणि पो का वाचावेत? त्यांची नक्कल करण्यासाठी नक्कीच नाही. ज्या देशाला आपल्याजवळ काहीच जुने नाही असे वाटत होते, त्याने रान, खटल्यांचे दप्तर आणि स्वतःच्या घराण्याची लाज एवढ्या भांडवलावर कथा उभी केली. इथे तर गोदावरीच्या काठावर सगळेच आहे. घोटणला जुने मल्लिकार्जुनाचे मंदिर आहे. नदीपलीकडे पैठण आहे. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये जायकवाडीची पायाभरणी केली, १९७६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले, आणि नाथसागराच्या पाण्याखाली या तालुक्यातल्याही जमिनी आणि घरे गेली. दुष्काळी वर्षी पाणी मागे हटते आणि जुन्या गावठाणांच्या खुणा उघड्या पडतात. रिप व्हॅन विंकलला वीस वर्षांनी निदान गाव तरी सापडले; इथल्या माणसाचे गावच जागेवर नाही.

किंवा दिवाळीनंतरचे दिवस घ्या. शेवगाव-पाथर्डीच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयता, संसाराची भांडी, लहान लेकरे गाड्यांत. मागे म्हातारी माणसे आणि कुलपे. पुढचे काही महिने त्या वस्तीत रात्री काय ऐकू येते, दार वाजले तर एकटी म्हातारी काय समजते, फडावर कोपीत जन्मलेल्या आणि तिथेच गेलेल्या बाळाचे आईच्या मनात पुढे काय होते, हे हॉथॉर्नच्या तोडीचे विषय आहेत, आणि ते फक्त इथल्याच लेखकाला लिहिता येतील. मुंबई-पुण्याच्या लेखकाला त्या कोपीची उंचीही ठाऊक नसते.

इथल्या महाविद्यालयांत मराठी आणि इंग्रजीचे विद्यार्थी आहेत, शाळांत चांगले वाचणारे शिक्षक आहेत. त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. पहिले काम नोंदीचे. चकव्याच्या, मुंजाच्या, बारवेच्या, पाण्याखाली गेलेल्या गावच्या गोष्टी सांगणाऱ्या आज्या-आजोबांकडे जाऊन त्या गोष्टी त्यांच्याच बोलीत, सांगणाऱ्याच्या संमतीने, जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात. त्यात सुधारणा करू नये, तात्पर्य जोडू नये. दुसरे काम लेखनाचे. त्या गोष्टींतली जी रात्री झोपू देत नाही ती निवडावी आणि ती का झोपू देत नाही याचा शोध घेत कथा लिहावी. भूत खरे की खोटे हे वाचकावर सोडावे. येत्या दिवाळी अंकांसाठी अशा पाच कथा शेवगाव तालुक्यातून गेल्या तर संपादक त्या आनंदाने वाचतील. गोष्टी ठाऊक असलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे, म्हणून सुरुवात याच उन्हाळ्यात करावी.